उल्कानचा मे महिना

झुराकान मापाची पक्की होती. सरोवराकाठच्या बालिकचीच्या रेल्वे वसाहतीतल्या बालवाडीत ती बावीस वर्षं स्वयंपाक करत होती, आणि एकशे चाळीस पोरांच्या सुपात प्रत्येकी किती ग्रॅम मांस पडलं पाहिजे ते तिच्या हाताला काट्याशिवाय कळायचं. एकदा बालवाडीच्या मोठ्या बाईंनी त्यातलंच चार किलो मांस पिशवीत घालून घरची वाट धरली. झुराकानने फाटकातच पिशवीचा बंद धरला.

"बाई, यात पोरांचं उद्याचं जेवण आहे. उद्या पोरांना काय वाढू? तुमची पिशवी उकळू?"

पिशवी परत आली. त्यानंतर दोन वर्षं झुराकानचा बोनस काही आला नाही. पण तो न आलेला बोनस ती छातीवर पदक लावावं तशी मिरवायची. टपाल कचेरीतली रांग असो, नगरपालिकेतला साहेब असो, कोळशाच्या वखारीतला तोलारी असो, भांडण शेवटाला आलं की तिचं एकच वाक्य ठरलेलं. "माझ्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही." आणि खरंच कुणी दाखवायचं नाही. खोटं कशाला बोला, वसाहतीतल्या बायका तिला जरा वचकूनच असायच्या.

दिवसभर छतापर्यंत फरशी लावलेल्या सरकारी स्वयंपाकघरात उभं राहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या काळ्या भिंतीच्या खोलीत चूल पेटवायची, यात तिला कधी काही वाटलं नव्हतं. टेबलावर मेणकापड होतं. नळ ठिबकायचा, खाली पत्र्याचं घमेलं. नवऱ्याने, सागिनने, मालडब्याच्या फळीची मांडणी ठोकून दिली होती. तिच्यावर अजून डब्याचा नंबर दिसायचा. त्या खोलीत तिने तीन पोरं वाढवली, सासूला शेवटचा घोट पाजला. त्या खोलीची लाज वाटायचं काही कारण नव्हतं.

कारण फेब्रुवारीत आलं. धाकटी मुलगी बेगिमाय राजधानीत, बिश्केकला उजवली. विहीण सादात, मोठ्या कचेरीत हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेली, शांत आणि सडपातळ बाई. लग्नाच्या दिवशी झुराकान पाणी प्यायला त्यांच्या स्वयंपाकघरात शिरली आणि पेला शोधता शोधता घामाघूम झाली. सगळी कपाटं पांढरीशुभ्र, काचेसारखी, आणि एकालाही मूठ नाही. कुठे धरून ओढायचं? ती नखाने फटीत खरवडत होती तेवढ्यात सादात मागे येऊन उभी राहिली. तिने एका बोटाने दार किंचित दाबलं. दार आपणहून उघडलं. सादात हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. झुराकानने फटकन काही तरी उत्तर दिलं असतं आणि विषय संपला असता.

मार्चमध्ये बेगिमायचा फोन आला. ऑगस्टमध्ये सासरची सगळी मंडळी पहिल्यांदा माहेरी जेवायला येणार.

"आई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन. बोल."

"ते येतील ना, तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून घेशील?"

झुराकान रागावली नाही. हेच वाईट झालं. ती रागावली असती तर निभावलं असतं. तिने फोन ठेवला, खोलीच्या दारात उभी राहिली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला ती भिंत काळी दिसली.

दुसऱ्या दिवशी तिने बालवाडीच्या जेवणाचे तक्ते मांडायची चौकटीची वही काढली. डावीकडे खर्च, उजवीकडे जमा. पाच मीटर भिंतीला वरची खालची कपाटं, मापाने करून घेतलेली, पांढरी, बिनमुठीची: चौऱ्याहत्तर हजार सोम. भट्टी आणि धूर ओढायचं यंत्र, पस्तीस. फरशी चौदा. सिंक आणि नळ सात. नवं छत आणि त्यात बसवायचे आठ दिवे, अकरा. मिस्त्रीचे अठरा. पोरांच्या सुपात सांडलवंड धरतात तशी इथेही धरली, सोळा हजार. एकूण एक लाख पंचाहत्तर.

उजवीकडे तिची स्वतःची शिल्लक चाळीस हजार. वासरू विकून पंचेचाळीस. सागिनने कोळशासाठी आणि गाडीच्या टायरसाठी ठेवलेले तीस. ("टायर अजून एक हिवाळा काढतील," ती म्हणाली. "टायर काढतील, मी काढेन का?" सागिन म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.) एवढं करून साठ हजार कमी पडत होते.

वसाहतीतल्या बारा बायकांची भिशी होती. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, जेवायचं, गावातल्या सगळ्यांची धुणी धुवायची, आणि प्रत्येकीने पाच पाच हजार टाकून ते साठ हजार त्या महिन्याच्या बाईच्या हातात द्यायचे. त्याच महिन्यात वाडग्यातून चिठ्ठ्या काढल्या होत्या. झुराकानला अकरावा नंबर लागला, म्हणजे थेट जानेवारी. तिसरा नंबर, मे महिन्याचा, उल्कानला.

वहीतले सगळे आकडे पेन्सिलीचे होते. अंदाज पेन्सिलीनेच लिहायचा ही झुराकानची शिस्त. पण जमेच्या बाजूला शेवटची ओळ तिने पेनाने लिहिली: "भिशी, मे: ६०,०००." उल्कानला अजून तिने विचारलंही नव्हतं.

उल्कान कुंपणापलीकडे राहायची. झुराकानपेक्षा सहा वर्षांनी मोठी, म्हणून एजे, थोरली बहीण. विधवा बाई. रजया शिवायची. वसाहतीतली एकही पोर तिच्या हातच्या रजयांशिवाय सासरी गेली नव्हती. बेगिमायच्या सातही रजया तिच्याच. त्या हिवाळ्यात ती अधूनमधून कुंपणावरून हाक मारायची. झुराकान गेली की दहा-बारा सुया पुढे करायची. "ओवून दे गं. दिवा मंद झालाय मेला." झुराकान सुया ओवून ओळीने पडद्याला टोचून ठेवायची आणि म्हणायची, "एजे, आता सुईला मोठं दार बसवून घे." दोघी हसायच्या. दिवा मंद नव्हता. झुराकान त्याच दिव्याखाली सुया ओवत होती, आणि तिला दोरा पहिल्या झटक्यात सापडत होता.

तिला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. तिने फक्त ते माहीत करून घेतलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला, सरोवरावरून वारा सुटला होता त्या दुपारी, ती पत्र्याच्या ताटलीत गरम बोरसोक घेऊन उल्कानकडे गेली. तळलेल्या कणकेचा तो वास घरात शिरला तशी उल्कान म्हणाली, "काहीतरी मागायला आलीस."

"तुला कसं कळलं?"

"तू नुसती आलीस की शिळी पोळी आणतेस."

झुराकान हसली आणि सरळ मुद्द्यावर आली. "एजे, मे महिना मला दे. माझा जानेवारी तू घे. व्याही येताहेत."

उल्कानचा हात मांडीवरच्या कापडावरून फिरत राहिला. ठिगळांच्या शिवणीवरून बोट नेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मे मध्ये मला जरा काम होतं गं."

"कसलं?"

"आहे जरा. बिश्केकला."

"बिश्केक काय पळून चाललंय? जानेवारीत पण तिथेच असेल."

"असेल."

इथे थांबायला हवं होतं. झुराकानच्या डोक्यात मात्र वहीतली ती पेनाची ओळ होती. तिने आवाज खाली आणला. बालवाडीत हट्टी पोराला जेवू घालताना आणायची तसाच.

"हे बघ, नाही म्हणालीस तर मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त बेगिमायला काय सांगू तेवढं तू मला सांग. तिच्या रजया तू शिवल्यास. पोरगी मला म्हणाली, आई, दार लावून घे. माझ्या स्वयंपाकघराची तिला लाज वाटते."

उयात. आमच्याकडे पोर धड चालायला लागायच्या आधी हा शब्द शिकतं. लाज, बदनामी, चार लोक काय म्हणतील, सगळं त्या एका शब्दात. मजा अशी की हा शब्द मागणाऱ्याला कधी आडवा येत नाही. जो नाही म्हणायला तोंड उघडतो त्याच्याच घशात जाऊन अडकतो. आणि त्यात व्याही येताहेत म्हटल्यावर? व्याही येताहेत म्हणून लोकांनी शेजाऱ्याची मेंढी मागून नेली आहे, शेजाऱ्याचा गालिचा नेला आहे. एकाने तर शेजाऱ्याची बायको नेली होती, पाहुण्यांसमोर बसवायला, कारण स्वतःची तोंडाळ होती. कुणी नाही म्हणत नाही.

"घे मग," उल्कान म्हणाली. "नाही म्हटलं तर उयात होईल."

"एजे, तुझे उपकार..."

"उपकार ठेव तिकडे. ताटली घेऊन जा तुझी."

तिने बोरसोक काढून घेतले आणि रिकामी ताटली टेबलावर ठेवली. पण टेबल तिथे नव्हतं. कड चार बोटं पलीकडे होती. ताटली खणकन खाली पडली आणि गरगरत भिंतीशी गेली. दोघी हसल्या. झुराकानने ती उचलली आणि घरी आली. त्या ताटलीचा आवाज पुढे कितीतरी दिवस तिच्या कानात राहणार होता, पण त्या दिवशी तिला तो साधा ताटलीचा आवाज वाटला.

मे मध्ये साठ हजार आले. मालिक मिस्त्री आला. महिनाभर घरात चुन्याची धूळ, बाहेर सरोवराचा वारा, आणि मधोमध झुराकान हातात टेप घेऊन. "एजे," मालिक म्हणायचा, "तुम्ही सूनही टेप लावूनच आणणार का?" मालडब्याची फळी अंगणातल्या शेडमध्ये गेली, जुनी कोळशाची चूल तिच्या मागोमाग. छतात आठ दिवे बसले तेव्हा सागिन खाली उभा राहून वर बघत म्हणाला, "आठ? आपण स्वयंपाक करणार आहोत का चोर शोधणार आहोत?"

खर्च वहीबाहेर गेला नाही. शंभर सोमही नाही. झुराकानने शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या आणि वसाहतीला स्वयंपाकघर दाखवायला बोलावलं. बायका आल्या, दारं दाबून उघडून बघितली, तोंडात बोटं घातली. उल्कान सगळ्यात शेवटी आली आणि उंबऱ्यातच थांबली. रणरणत्या उन्हात बघावं तसा तिने कपाळावर आडवा हात धरला.

"डोळे दिपतात गं," ती म्हणाली.

झुराकानला ती स्तुती वाटली. रात्री सागिनला तिने सांगितलीसुद्धा.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी व्याही आले. दोन गाड्या, नऊ माणसं. त्यात सादातची थोरली जाऊ काल्बुबू, ऐंशी वर्षांची, पांढऱ्या रुमालातली, काठी टेकत आलेली. झुराकानने मेंढी कापली होती. हाडांचं काम उल्कानकडे. ते दुसऱ्या कुणाकडे नसायचंच. तीस वर्षं वसाहतीतल्या प्रत्येक मोठ्या जेवणात कुणाच्या ताटात कोणतं हाड जायचं ते तीच लावायची. हे काम पोराटोरांचं नव्हे. खुब्याचं हाड सगळ्यात मानाच्या पाहुण्याला, मांडीचं त्याच्या खालोखाल, डोकं म्हाताऱ्या बाप्याला. आणि पुढच्या पायाचं वरचं हाड, त्याला कुंग जिलिक म्हणतात, दासीचं हाड, ते घरच्या सुनांना. मांडीचं आणि ते, दोन्ही दिसायला लांबट, सारखीच.

बेगिमायने दार लावून घे म्हटलं होतं. झुराकानने दार सताड उघडलं आणि वाऱ्याने लागू नये म्हणून त्याखाली नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, घडी कोंबली. बैठकीतून सरळ पांढरी कपाटं दिसत होती, आठही दिवे भर दुपारी लावलेले. पण आमच्याकडे पाहुणा काही स्वयंपाकघरात शिरत नाही. हात धुवायला तरी जातील म्हणून ती आस लावून बसली, तर तिची भावजय तस्त आणि झारी घेऊन आली आणि एकेकाचे हात जागेवरच धुऊन गेली. त्या रीतीचा झुराकानला जन्मात पहिल्यांदा राग आला. पाहुणे खिडकीतून सरोवराकडे बघत होते, ताटाकडे बघत होते, एकमेकांकडे बघत होते. सादात वळली ती मागच्या भिंतीशी रचलेल्या रजयांकडे. तिने एकीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"विहीणबाई, हा हात कुणाचा? असे टाके मी वीस वर्षांत पाहिले नाहीत."

"आमच्या उल्कान एजेचा. आतच आहे ती."

"मग तिलाही बोलवा ना इकडे."

"येईल, येईल. हाडं लावतेय." असं म्हणून झुराकानने मान स्वयंपाकघराकडे केली, म्हणजे सादातही तिकडे बघेल. सादात रजयाच बघत राहिली.

ताटं आली. सागिनने खुब्याचं हाड थोरल्या व्याह्यांसमोर ठेवलं. काल्बुबूंच्या पुढ्यात त्यांचं ताट गेलं. म्हातारीने हाड उचललं, फिरवून बघितलं, परत ठेवलं आणि बोटं रुमालाला पुसली.

"माझी सासू सांगायची," ती सावकाश म्हणाली, "कुठे जेवायला गेलीस की तुझी किंमत हाड सांगेल. बरं झालं बाई. ऐंशीव्या वर्षी का होईना, कळली."

ताटात कुंग जिलिक होतं.

सागिनचं तोंड उघडं राहिलं. झुराकानच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. जिभेला हाड नसतं म्हणतात, त्या दिवशी तिच्या जिभेला सुरी होती.

"आंधळी आहेस का गं? ऐंशी वर्षांच्या बाईला दासीचं हाड? माझं घर धुळीला मिळवलंस! तीस वर्षं करतेस ना हे, की डोळे मिटून करत होतीस?"

दाराखालची नमद्याची घडी तिच्या लक्षातच नव्हती. शब्द न् शब्द बाहेर गेला.

उल्कानने हात पुसले. ती घाबरली नाही, रडलीही नाही. उलट ओझं खाली ठेवावं तशी खांदे सैल सोडून उभी राहिली.

"डाव्याने काही दिसत नाही," ती म्हणाली. "उजव्याने दिसतं थोडं, पण या तुझ्या दिव्यांखाली नुसता उजेड दिसतो, पांढरा. हाडं मी हाताने ओळखते गं. आज वाफ होती, चटका बसला. घाई झाली."

झुराकानच्या मागे पावलं वाजली. सादात आत आली होती. त्या स्वयंपाकघरात शिरलेली पहिली पाहुणी. कपाटांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिने उल्कानचा दंड धरला, तिला दिव्यांखालून काढून खिडकीशी नेलं आणि हनुवटी वर केली.

"मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. ताई, इतके दिवस काय करत होता?"

"कुणाला सांगणार? डोळे गेले कळलं की कोण रजई शिवायला देईल? जानेवारीत करून घेणार आहे. तेव्हा माझी भिशी आहे."

दारात बेगिमाय रिकामं ताट घेऊन उभी होती.

"पण एजे, तुम्ही तर मे मध्ये येणार होता ना माझ्याकडे? भिशी लागलीय म्हणालात फोनवर. मी खोली आवरून ठेवली होती."

उल्कान खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिला बाहेर काय दिसत होतं देव जाणे. बेगिमायने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग वर त्या आठ दिव्यांकडे, कपाटांकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"आई," ती म्हणाली. एवढंच.

सादातनेही मग कपाटांकडे पाहिलं. दाराशी आलेल्या भावजयीने पाहिलं, सागिनने पाहिलं. अखेर सगळ्यांनी झुराकानचं स्वयंपाकघर बघितलं.

बैठकीतून काठी आपटल्याचा आवाज आला. "अगं, ते हाड आणा परत इकडे," काल्बुबू ओरडली. "गार व्हायच्या आत खाते. चूक करणारी बिचारी आंधळी निघाली. डोळसांचं काय करायचं ते तुम्ही तुमचं बघा."

पाहुणे जेवले. आहेर झाले, गाड्या निघाल्या. सादातने निघताना झुराकानला मिठी मारली, रीतीप्रमाणे, आणि कानाशी काही बोलली नाही. या वेळी झुराकानला वाटलं की तिने काहीतरी लागट बोलून जावं. गाड्यांची धूळ बसली तरी ती फाटकात उभी होती. पोरगी साधं सांगत होती. दार लावून घे. ऐकलं असतं तर निदान तिचा आवाज तरी आतल्या आत राहिला असता, असं तिच्या मनात आलं. मग आलेल्या या विचाराचीच तिला किळस आली.

त्यानंतर नव्या स्वयंपाकघरात तिने चहासुद्धा टाकला नाही. शेडमधली जुनी चूल मांडून तिथेच रांधू लागली. सागिन दोन दिवस गप्प बसला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आत काय पाहुणे राहतात का?" ती चुलीत फुंकर घालत राहिली. बालवाडीत तिच्या हाताखालच्या बाईने लोण्याच्या वडीतला एक तुकडा कागदात गुंडाळला. झुराकानने बघितलं. तोंड उघडलं. आणि तिला फाटकातली ती पिशवी आठवली, चार किलो मांस, पोरांचं एका दिवसाचं जेवण. मोठ्या बाईंनी एक दिवस उचलला होता. तिने अख्खा मे महिना उचलला, वर ताटलीभर बोरसोक देऊन. तिने तोंड मिटलं आणि कांदा चिरायला घेतला. लोणी गेलं.

तिने वही पुन्हा काढली. या वेळी उलटा हिशेब: काय परत जाईल? कपाटं जाणार नाहीत. मापाने करून घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या भिंतीला लागत नाही. फरशी जाणार नाही. राहिली भट्टी आणि धुराचं यंत्र, ज्यांच्यावरची पातळ कागदी साल तिने अजून काढली नव्हती. पस्तीस हजाराला आणलेली जोडी दुकानदाराने बावीसला परत घेतली, आणि तेही तोंड वाकडं करून. भिंतीत चौकोनी भोक राहिलं.

सप्टेंबरची भिशी टपाल कचेरीतल्या गुलायिमच्या घरी होती, तिचाच नंबर. बारा जणी जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसल्या. उल्कान कोपऱ्यात. पहिला चहा ओतायच्या आधीच झुराकान उठून उभी राहिली.

"मला बोलायचंय."

"चहा तर घे," गुलायिम म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे काय झालं ते. झालं गेलं."

"सगळ्यांना सगळं माहीत नाही. मला डोळ्याचं ठाऊक होतं." बायका हातातल्या चहाच्या रिकाम्या वाट्यांमध्ये बघू लागल्या. "कुणी सांगितलं नव्हतं. पण हिवाळाभर सुया मीच ओवत होते. दिवा चांगला होता. मला कळत होतं, आणि मी तिला व्याह्यांचं नाव पुढे करून नाही म्हणू दिलं नाही. वहीत तर मी विचारायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. तिला चालेल की नाही, हे न विचारताच." तिचा आवाज फाटला. वचकून असणाऱ्या त्या बायकांनी तो तसा कधी ऐकला नव्हता. "गुलायिम, आजचा नंबर उल्कानला दे. तिचा जानेवारी तू घे. मी पदर पसरते."

गुलायिमने छताकडे बोट केलं. तिथे पिवळा डाग होता, मोठा. "माझ्याकडे व्याही येणार नाहीत, बये. माझं छप्पर गळतं. जानेवारीपर्यंत बादल्या कोण रिकाम्या करणार? तू?"

"करेन. आणि हे बावीस हजार. छपराला. भट्टीचे आहेत."

गुलायिमने पाकिटाकडे पाहिलं, झुराकानकडे पाहिलं. "बादल्यांचं मी धरून ठेवलंय हं," ती म्हणाली आणि साठ हजारांची चळत उल्कानच्या मांडीवर ठेवली.

सगळ्या जणी उल्कानकडे बघत होत्या. आता ती काहीतरी गोड बोलेल, मग कुणीतरी डोळे पुसेल, मग चहा. पण उल्कान चळतीवर हात ठेवून बसून राहिली.

"एप्रिलमध्ये नाही म्हणायची मला लाज घातलीस," ती म्हणाली. "आता बारा जणींसमोर पदर पसरून, माफ नाही केलं म्हणायची लाज घालतेस. जरा दम धर, झुराकान. आधी डोळा होऊ दे. मग बघते कुणाला माफ करायचं ते."

चहा ओतला गेला. झुराकान खाली बसली, आणि तिने वाटी तोंडाला लावली तेव्हा तिच्यात अजून चहा पडलाच नव्हता.

ऑक्टोबरमध्ये उल्कान बिश्केकला गेली, बेगिमायकडे राहिली. सोबत येऊ का म्हणून झुराकानने विचारलं नाही. विचारलं असतं तर उल्कानला पुन्हा नाही म्हणणं भाग पडलं असतं. ती फक्त मधल्या दिवसांत तिच्या कोंबड्यांना दाणे टाकत राहिली, आणि दोनदा गुलायिमच्या बादल्या ओतून आली. नवे पत्रे यायला पंधरा दिवस होते.

बारा दिवसांनी, दुपारी, उल्कान कुंपणाच्या फटीतून आली. डोळ्यांवर चष्मा, त्याची डावी काच काळी. झुराकान शेडमध्ये होती. उल्कान तिच्याशी न बोलता सरळ नव्या स्वयंपाकघरात गेली आणि मधोमध उभी राहिली. आठातले सहा दिवे झुराकानने काढून टाकले होते. भट्टीच्या भोकात बटाट्याचं पोतं होतं. उल्कानने चष्मा वर केला आणि बघत राहिली, कपाटं, सिंक, भिंत. वेळ लावून, शिवण तपासावी तसं.

झुराकान दारात थांबली होती. हात कुठे ठेवायचे तिला कळेना.

"तिसऱ्या ओळीतली ही फरशी तिरकी बसलीय," उल्कान म्हणाली.

"कुठे?"

उल्कान पुढे गेली आणि बोट दाखवलं. झुराकान जवळ आली, वाकली. खरंच तिरकी होती, गव्हाएवढी. हातात टेप घेऊन महिनाभर ती त्या भिंतीसमोर उभी होती, आणि तिला ती दिसली नव्हती.

"दिसतंय म्हणजे तुला," ती खाली बघतच म्हणाली.

"दिसतंय," उल्कान म्हणाली. तिचं बोट अजून फरशीवरच होतं. मग तिने ते काढलं आणि टेबलाची कड नीट चाचपून, मग नुसती बघून, बाकावर बसली. "चहा टाक. इथेच टाक, शेडमध्ये नको."